स्टँड नव्हे, माउंट

कंपनीतून निवृत्त होणाऱ्या माणसाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देतात. घड्याळच का देतात हे मला कधी कळलेलं नाही. ज्याला आता कुठे वेळेवर पोचायचंच नाही, त्याने घड्याळ बघून काय करायचं? पण आमच्या ह्यांच्या, म्हणजे दादासाहेबांच्या, टूलरूममधल्या पोरांनी डोकं चालवलं. आमच्या लेकीला, तेजलला, गुपचूप फोन करून विचारलं आणि निरोपसमारंभात एक लांबोळकं खोकं पुढे केलं. खोक्यात दुर्बीण. ह्यांनी माईक हातात घेतला, घसा खाकरला आणि सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "चंद्राचा असा फोटो ग्रुपवर टाकतो, की खड्डा न् खड्डा मोजून घ्या." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हा फोटो माझ्या परसाच्या मुळावर उठणार आहे, हे तेव्हा मला काय ठाऊक!

फोटो हलता कामा नये, एवढीच अट होती. पण त्या अटीमागे दुसरी एक गोष्ट होती आणि ती आम्हा दोघांनाच माहीत होती.

गाडीचे पत्र्याचे भाग ज्या साच्यात दाबून काढतात त्याला डाय म्हणतात. डाय मशीनवर बनते, पण तिच्यावरून शेवटचा हात माणसालाच फिरवावा लागतो. चाकणच्या त्या कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनतात तिथे, तो हात ह्यांचा. कुठे काही अडलं की "दादांकडे द्या." लग्न झाल्यापासून मी ह्या हाताचं कौतुक ऐकत आले. लग्न ठरवताना माझ्या मामांनीसुद्धा मुलाचे नाक-डोळे न सांगता "हातात कला आहे" एवढंच सांगितलं होतं, आणि नाक-डोळे बघितल्यावर मला त्याचं कारण कळलं होतं. तोच उजवा हात गेल्या पावसाळ्यापासून थरथरायला लागला होता. फार नाही. कपबशी घेतली की कप किणकिणायचा, गळ्याजवळचं बटण लवकर लागायचं नाही. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. तर म्हणाले, बशी वाकडी आहे. मी बशी बदलली. नवी बशीही वाकडी निघाली. त्यानंतर मी डॉक्टरचं नाव काढलं की ते पेपर उघडून बसायचे, मग तो कालचा का असेना.

तेव्हा सरळच सांगते, चंद्राच्या खड्ड्यांशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला तो हात डॉक्टरपुढे न्यायचा होता. मला भीती वाटत होती.

मेदनकरवाडीला आमचं घर. पुढे रस्ता, मागे परस. परसात दुर्बीण उभी राहिली, तिच्या डोळ्याला चिमट्याने मोबाईल लावला आणि ह्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. फोटो आला. आम्ही दोघांनी बघितला.

"दहीवडा छान आलाय," मी म्हटलं.

"स्टँड हलतोय," ते म्हणाले.

तेजल आकुर्डीला असते, तिला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, टायमर लावा ना. बटण दाबून बाजूला व्हायचं, फोटो आपोआप निघतो."

"मग तो फोटो टायमरचा झाला. माझा कसला?"

"मग आईला दाबू दे."

"तुझ्या आईने आजवर एक तरी फोटो डोकं न कापता काढलाय का?"

हे मात्र खरं होतं. पण चंद्राला कुठे मानेवर डोकं असतं, असं मी म्हणेपर्यंत त्यांनी फोन ठेवून दिला होता.

दुसऱ्या दिवसापासून अभ्यास सुरू झाला. हा माणूस दहावीला अभ्यासाला बसला नव्हता, तो आता चष्मा लावून जगभरातल्या लोकांचे व्हिडिओ बघू लागला. मी चहा ठेवताना विचारलं, "मिळाला का स्टँड?" तर मान वर न करता म्हणाले, "स्टँड नव्हे, माउंट."

"काय फरक आहे?"

"स्टँडवर लोक कपडे वाळत घालतात."

मग मला शिकवणी मिळाली. माउंट दोन जातींचे. एक साधा, मान वर-खाली आणि इकडे-तिकडे करणारा. दुसरा जरा तिरका बसतो. त्याचा कणा ध्रुवताऱ्याकडे रोखायचा, मग आकाश फिरतं तसा तो मोटरवर हळूहळू त्याच्यामागे फिरतो. लांबचे, अंधूक तारे टिपायचे तर दुसराच हवा. आणि दुर्बिणीच्या नळीपेक्षा माउंट महत्त्वाचा, असं जगातले सगळे अनुभवी लोक कानीकपाळी ओरडून सांगतात म्हणे.

"मग पोरांनी नुसता माउंटच द्यायचा होता," मी म्हटलं. "तुम्हीच त्यावर चढून चंद्र बघितला असता."

तेजलसाठी स्थळं बघताना ह्यांनी इतकी चौकशी केली नव्हती. हा किती वजन पेलतो, त्याच्या मोटरचा आवाज कसा, त्याच्या गिअरमध्ये ढिलाई किती. जावयाच्या बाबतीत फक्त "पोरगा कंपनीत पर्मनंट आहे" एवढं ऐकलं आणि सुपारी फोडली. इथे मात्र एक माउंट वजनाला नाजूक म्हणून गेला, एक आवाज करतो म्हणून गेला, एकाच्या पायांवर ह्यांचा विश्वास बसेना. शेवटी एकावर मन बसलं आणि तो तिरक्या मानेचा पाहुणा घरी आला. त्या दिवशी मला म्हणाले, "आता चंद्र काय, देवयानीसुद्धा काढतो."

देवयानी म्हणजे एक दीर्घिका. आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी, ताऱ्यांची चक्राकार गर्दी. मला हे नंतर कळलं. त्याआधी आमच्या शेजारच्या सोजरबाईंनी कुंपणावरून मला जवळ बोलावून विचारलं होतं, "काय गं भाग्यश्री, ही देवयानी कोन? रोज तिन्हीसांजेला दादा तिचं नाव घेतुया."

"फार लांब राहते, काकू," मी म्हटलं. "यायची नाही इथवर."

"तसं न्हाई. रिटायर झाल्याव मानसं बिघडत्यात."

आता ध्रुवाची गोष्ट. कणा त्याच्याकडे रोखायचा तर आधी तो सापडायला हवा. आपल्याकडे ध्रुव फार वर नसतो, घरांच्या छपरांच्या जरा वर मिणमिणत असतो. ह्यांनी मोबाईलवर उत्तर दिशा काढली आणि आंब्याच्या फांद्यांमधून बरोबर त्या बाजूला एक ठळक पांढरा ठिपका शोधला. पण टूलरूमचा माणूस असा एका नजरेत थोडाच मान्य करतो! ध्रुव हलत नाही ना? मग तपासा. कुंपणाच्या खांबाला दोरा बांधून त्याच्या रेषेत तो ठिपका ते रोज बघू लागले. ठिपका तसूभरही हलला नाही. ह्यांनी समाधानाने माउंटचा कणा त्यावर रोखला, बोल्ट आवळले, आणि टूलरूमच्या ग्रुपवर लिहिलं, "ध्रुव फिक्स."

मग गुरुवार आला. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, आणि विजेच्या दुरुस्त्याही गुरुवारीच निघतात. त्या दिवशी गेलेली वीज दिवेलागण झाली तरी आली नव्हती. हे परसात गेले आणि तसेच परत आले.

"भाग्यश्री," ते म्हणाले, "ध्रुव गेला."

मी मेणबत्ती घेऊन बाहेर गेले. खरंच, आंब्यामागे अंधार. नव्या गोदामाच्या पाण्याच्या उंच टाकीवर जो दिवा होता, तो बंद होता. त्याच्या शेजारी बराच फिकट, कुणाच्या लक्षात येऊ नये असा खरा ध्रुव गरिबासारखा बसून होता. अढळपद म्हणजे काय ते त्याला चांगलं माहीत असणार. बिलावाचून त्याचा दिवा चालू होता. मी हसून हसून पायरीवर बसले. हेही हसले, जरा उशिरा. ग्रुपवर मी कळवलं नाही. एवढी मी चांगली आहे.

खरा ध्रुव मिळाला, कणा पुन्हा रोखला. चंद्र मात्र अजून दहीवडाच.

आता मी ओळखून होते आणि मला वाटतं तेही ओळखून होते. पण कंपनीत त्यांची कामाची एक पद्धत होती. माल बिघडला की आधी मशीन बघायचं, मग जागा, मग आजूबाजूला काय धडधडतंय ते, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एकदम चार गोष्टी बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. त्यांनी ती पद्धत परसात चालवली. माउंट बदलून झाला होता. आता जमीन.

त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी नेली, काठोकाठ पाणी भरलं आणि दुर्बिणीच्या पायाशी फरशीवर ठेवली. मोठ्या रस्त्यावरून कंटेनर गेला की वाटीत बारीक लहर उठायची. पलीकडच्या कारखान्यातला घण पडला की उठायची. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ! जमीन हलते." त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता म्हणून सांगू! मग मी पाणी आणायला चालत गेले, तर वाटी पुन्हा हलली.

"तूसुद्धा," ते म्हणाले.

"मी काय रोड रोलर आहे?"

"फोटोच्या वेळी बसून राहत जा."

त्यांच्या हाताखाली पूर्वी शिकलेला गोरक्ष आता चाकणला स्वतःचं वेल्डिंगचं शेड चालवतो. त्याला बोलावणं गेलं. तो आला, परस बघितलं, माउंट बघितला, आणि मोठ्या आदराने म्हणाला, "दादा, यावर दुर्बीण ठेवायचीय का प्रेस मशीन?"

"हलता कामा नये," हे म्हणाले.

"मग भूकंप झाला तरी न्हाई हलणार, असं करतो."

माझा मोगरा गेला. जिथे मोगरा होता तिथे खड्डा झाला. खड्ड्यात सळया, काँक्रीट, त्यातून वर आलेले जाड बोल्ट, त्या बोल्टांवर गोरक्षने आणलेला लोखंडी खांब आणि खांबावर माउंट. फरशीपासून काँक्रीट सुटं ठेवलं होतं, म्हणजे मी चालले तरी चालणार होतं. काँक्रीट वाळेपर्यंत हे त्याच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे. माझ्या मोगऱ्याला कधी तांब्याभर घातलं नाही. सोजरबाईंनी कुंपणावरून मान काढली.

"दादा, ही समादी कुनाची म्हनायची?"

"चंद्राची, काकू," मी म्हटलं. "दहीवड्याने गेला."

खांब तयार झाला तो दिवस पुन्हा गुरुवारच होता. ह्यांनी मुद्दामच गुरुवार धरला, कारण त्या दिवशी घण नाही, कामगारांच्या बस नाहीत, ट्रकसुद्धा कमी. अष्टमीचा चंद्र होता. अर्धा चंद्र असला की खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात आणि ते नीट उठून दिसतात, हे आता मलाही पाठ झालं होतं. मी सांगितल्याप्रमाणे पायरीवर बसले. त्यांनी पाण्याची वाटी खांबावर ठेवली. आम्ही बघत राहिलो. पाणी आरशासारखं. मी मुद्दाम उठून दोन फेऱ्या मारल्या. पाणी तसंच.

"झालं," ते म्हणाले. "आता हलायला काही उरलंच नाही."

त्यांनी वाटी खाली ठेवायला उचलली. वाटी हातात आली आणि पाण्यावर लहर उठली. बारीक, एकामागून एक, थांबेचना. थोडं पाणी काठावरून बोटांवर आलं. त्यांनी वाटी दुसऱ्या हाताने धरली. मी दुसरीकडे बघितलं, पण उशीर झाला होता. मी बघितलं हे त्यांनी बघितलं होतं.

ते दुर्बिणीजवळ गेले, बोट टेकवलं. फोटो आला. पुन्हा टेकवलं. पुन्हा. तिन्ही दहीवडेच निघाले. कुंपणापलीकडे सोजरबाईंच्या घरातली मालिका चालू होती, तिचं संगीत ऐकू येत होतं.

"भाग्यश्री," ते म्हणाले, "इकडे ये."

मी गेले.

"माउंट बदलला. जमीन बदलली. जागा बदलली. आता एकच गोष्ट बदलायची राहिलीय." त्यांनी मला खांबाजवळ उभं केलं आणि स्वतः मागे सरकले. "तू दाब."

खरं सांगते, माझ्या मनात पाप आलं. वाटलं, मुद्दाम बोट जोरात दाबावं. फोटो हलू दे. म्हणजे उद्या ते खांब आणखी जाड करतील, गोरक्षला पुन्हा बोलावतील, मी आणखी टोमणे मारीन आणि हे सगळं असंच चालू राहील. डॉक्टर नको आणि काही नको. इतके महिने मीच ज्या गोष्टीसाठी मागे लागले होते, ती हाताशी आली तेव्हा मलाच नको झाली. पण ह्या माणसाने कंपनीत चुकीचं माप कधी पास केलं नाही. साहेबाने सांगितलं तरी नाही, दिवाळीचा बोनस अडला तरी नाही. मी त्यांच्या घरात राहून खोटं माप द्यायचं? मी श्वास धरला आणि बोट हळूच टेकवलं.

चंद्र आला. काठावरचा एकेक खड्डा, त्यात पडलेली सावली, सगळं जसंच्या तसं. इतका सुंदर फोटो मी आयुष्यात काढला नव्हता आणि मला रडू येत होतं.

त्यांनी तो मोठा करून नीट तपासला. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, डाय तपासायचे तसा. मग म्हणाले, "पास." आणि खुर्ची ओढून बसले. टूलरूमच्या ग्रुपवर त्यांनी तो फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "फोटो भाग्यश्रीने काढला. माउंट माझा आणि गोरक्षचा. खड्डे मोजून घ्या." पोरांनी टाळ्यांची चित्रं पाठवली.

मग मोबाईल खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आकुर्डीला तेजलच्या ओळखीच्या कुणी डॉक्टरबाई आहेत का, विचारतेस तिला?"

त्यानंतर घर गप्प झालं. म्हणजे मी गप्प झाले. कप किणकिणला की मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. भाजीत मीठ जास्त पडलं तरी ते काही बोलले नाहीत, ते बोलले नाहीत म्हणून मीही बोलले नाही. खांबावर कबुतर बसायला लागलं, त्यावर खरं तर मला किती बोलता आलं असतं! पण शब्द तोंडातून निघत नव्हता. आजारी माणसाला कसं चिडवायचं?

डॉक्टरबाईंकडे जायच्या दिवशी रिक्षात बसल्यावर तेच म्हणाले, "इतक्या दिवसांत तू मला एकदाही काही लागेल असं बोलली नाहीस."

"उगाच कशाला?"

"नाही, बोल. तू गोड बोलायला लागलीस की मला वाटतं, काहीतरी मोठंच आहे."

आकुर्डीच्या स्टेशनजवळ गर्दी लागली, रिक्षा थांबून थांबून चालली. त्यांचा उजवा हात त्यांच्या मांडीवर होता. मी त्यावर माझा हात ठेवला. तो माझ्या हाताखाली थरथरत राहिला.

डॉक्टरबाई तरुण होत्या, तेजलहून दोनचार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी हात पुढे धरायला लावले, नाकाला बोट लावायला सांगितलं, चालून दाखवायला सांगितलं. मग एक कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं.

"काका, मधून सुरुवात करा आणि गोल गोल फिरवत बाहेर या. हात टेबलाला टेकवायचा नाही. घाई करू नका."

त्यांनी पेन धरलं. ज्या हाताने त्यांनी केसाएवढा फरक घासून काढला होता, तो हात कागदावर फिरू लागला. रेघ निघाली तीच कातरत, दातेरी होत. मधून बाहेर, बाहेरून आणखी बाहेर. एका जागी पेन सुटलं, ते त्यांनी पुन्हा टेकवलं. पूर्ण झाल्यावर त्यांनी पेन ठेवलं आणि त्या कागदाकडे बघत राहिले. डॉक्टरबाईही बघत होत्या. मला एकाएकी दिसलं की ह्यांच्या कानाची पाळी लाल झाली आहे. निरोपसमारंभात माईक हातात घेतला तेव्हा झाली होती तशी.

मी कागदावर वाकले. चष्मा वर सरकवला.

"देवयानी सुरेख आलीय हो," मी म्हटलं. "स्टँड तेवढा बदलायला हवा."

डॉक्टरबाईंनी चमकून माझ्याकडे बघितलं. ह्यांनी बघितलं नाही. ते कागदाकडेच बघत होते, पण त्यांचे खांदे हलायला लागले होते.

"स्टँड नव्हे," ते म्हणाले. "माउंट."

आणि आम्ही दोघं हसायला लागलो, आणि डॉक्टरबाई आमचं हसू थांबायची वाट बघत बसल्या.